बाबांसारखा जबडा

प्रिय ठमे,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. आता निमूट वाच.

गेल्या महिन्यात दाढ ठणकायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला. दाढ राहिली बाजूला. हाडावर पांढऱ्याशुभ्र गाठी, एक नव्हे, कितीतरी. शिवाय आत अडकून बसलेला एक जादा दात. माझा चेहरा उतरलेला बघून त्या म्हणाल्या, की गाठी साध्या आहेत, हाडावर हाड वाढलंय, कॅन्सर नाही. मला हायसं वाटतंय तोच त्यांनी विचारलं, की घरात कुणाला आतड्याचं दुखणं होतं का. जबडा सोडून ही बाई पोटात का शिरतेय, मला कळेना.

बाबांच्या गालाखालचं ते टेंगूळ आठवतं ना? त्यांनी लिमलेटची गोळी लपवलीय म्हणून तू त्यांना आ करायला लावायचीस. दाढी करताना वस्तरा तिथे अडखळला की ते म्हणायचे, इथे माझा हट्ट साठलाय. पुढे तुलाही तसंच टेंगूळ आलं तेव्हा काय कौतुक झालं तुझं! बापाची लेक शोभतेस, असं जो तो म्हणायचा आणि मी नुसता जळायचो. बाबा आतड्याच्या कॅन्सरने गेले तेव्हा आपण त्यांच्या अवेळी जेवण्याला बोल लावला. जबड्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की अशा खूप गाठी एकत्र दिसल्या की आतडं तपासायलाच हवं, हे दुखणं आईबापांकडून मुलांकडे येतं. मी तिथेच, त्यांच्या खुर्चीत, रडलो.

दुर्बिणीची तपासणी करून घेतली. आतड्यातही गाठी आहेत आणि त्यातली एक वाईट निघाली. पसरलीय. डॉक्टर ऑपरेशनचं बोलतात, पण माझ्याकडे न बघता बोलतात. मला फार भीती वाटते, ठमे. तुझ्या वहिनीसमोर मी आव आणतो, तुझ्यासमोर जमत नाही. तुझं काही दुखत नाही, म्हणून तू चालढकल करशील; तुला मी चांगला ओळखून आहे. नाहीतर हे वाचून हातातलं काम टाकशील आणि मिळेल त्या गाडीने माझ्याकडे धावत सुटशील. येऊ नकोस. आधी स्वतःची तपासणी करून घे, रिपोर्ट हातात आला की मग ये. तोवर मी थांबतो.

तुझाच,
दादा