पहिल्या रांगेतलं लाल लुगडं

रविवार, संध्याकाळ

लाज वाटते आहे, आणि लिहूनही ती कमी होणार नाही. गिरीज गावच्या हॉलमध्ये आज वसईतल्या पोरांनी केलेल्या नव्या गाण्यांचे व्हिडिओ दाखवायचे होते. मी पाहुणा. एकही गाणं न पाहता मी अर्धा तास गरजलो, "हातात कॅमेरा आला आणि तोंडातली बोली गेली! तुमच्या गाण्यात तुमची आजी कुठे आहे?" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माझी फिलूमावशीही टाळ्या वाजवत होती, ठेवणीतलं लाल लुगडं नेसून.

ते लुगडं आज का काढलंस, एवढं तरी विचारायचं होतं तिला.

मग दिवे मालवले. पहिल्याच व्हिडिओत, केळीच्या वाडीत, तेच लाल लुगडं! मावशी आमच्या बोलीत लग्नातलं गाणं म्हणत होती आणि शेजारी त्या पोरांपैकीच एक, मेल्विन, गिटार वाजवत होता. ती बोली मी घरात शेवटची कधी बोललो? मुलांशी तर कधीच नाही.

बाहेर पडताना मेल्विन म्हणाला, "सर, सापडली का आजी?" त्याचे दोस्त हसले. मी चपला शोधत राहिलो.

मावशीने मात्र माझा हात घट्ट धरला. "काय बोललास रे बाबू! पण आजीला विसरलेली ती पोरं कुठची रे?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"विरारकडची असतील," मी म्हणालो. हेही न पाहताच.