घुशीच्या बिळातलं खापर

सर, परवाच परत आले. यंदाही सुट्टी टाकून महिनाभर रोमजवळच्या एका खेड्यात गुडघ्यांवर बसले आणि कुणा रोमन माणसाच्या ओसरीवरची माती खरवडली. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत शेजारीण विचारते, "अहो, सोनंबिनं सापडतं का तिकडे?" खापरं सापडतात म्हटलं की तिला माझी कीव येते. यंदा माझ्या बाजूच्या नव्या पोरीने रोमन मद्यकुंभाचा तुटका कान जागेवरून तसाच उपटला आणि नाचत दाखवायला आणला. माझीच बोटं ठणकली. तिथल्या उत्खननप्रमुख बाईंनी शांतपणे विचारलं, "माती भुसभुशीत होती का?" पोरगी म्हणाली, "हो, उंदराचं बीळ होतं." बाईंनी पिशवीवर 'बीळ' असं लिहिलं आणि पुढे गेल्या. एवढंच.

तरुणपणी गोदावरीकाठच्या टेकाडावर आम्ही बारा जण रविवारी तुमच्या हाताखाली खणायला यायचो. तुम्ही पाहिल्याशिवाय वस्तू जागची हलवायची नाही, हा तुमचा नियम. मी हलवली. असाच मद्यकुंभाचा कान होता, आणि रोमचं काहीतरी हातात आलंय या आनंदात मी धावत सुटले. तुम्ही मोजपट्टीची लाकडी कड माझ्या बोटांवर मारलीत, तीही तीनदा. "मालेगावच्या मागावर बापाचा हात चालतो तसा इथे चालवू नकोस," असं सगळ्यांसमोर म्हणालात. पोरं हसली. माझ्या अब्बांना तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं. मग विचारलंत, "कुठल्या थरात होतं? बोल लवकर."

मी तेच सांगायला आले होते सर, की ते घुशीच्या बिळात होतं. घुशीने वरचं खापर खाली ओढून नेलं होतं. पण बीळ माझ्याच खुरप्याखाली मोडलं होतं, साक्षीला फक्त मी उरले होते आणि माझी बोटं तोंडात होती. मी सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या, काळ्या थराकडे बोट दाखवलं. त्या एका बोटावर तुम्ही पुस्तक लिहिलंत. रोमची दारू नाशकात सगळे समजतात त्याच्या कितीतरी पिढ्या आधी पोचली होती, असं त्यात ठासून मांडलंत. शाली मिळाल्या. मारलेलं तर तुम्ही विसरूनच गेलात. निवृत्त होताना माती खरवडायची तुमची छोटी करणी वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिलीत. "हात चांगला आहे गं तुझा," म्हणालात.

पुढे एका परिषदेत एक तरुण उठला. "एकच खापर, तेही उपटलेलं. थरातच होतं कशावरून?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "ती बसलीय, तिला विचारा." मी उभी राहिले आणि म्हणाले, "थरातच होतं." मागे कुणीतरी हसलं, विश्वास कुणाचाच बसला नाही. त्यानंतर तुम्हाला कुणी बोलावलं नाही. मी मात्र दर महिन्याला तुमच्या घरी येत राहिले. तुम्ही भिंग घेऊन त्याच खड्ड्याचं चित्र पुन्हा पुन्हा पाहायचात आणि विचारायचात, "कुठे चुकलं गं माझं?"

लोक म्हणतील, बिचारी घाबरली असेल. पहिल्या दिवशी घाबरलेच होते. परिषदेत नव्हते, तेव्हा माझेही केस पांढरे व्हायला लागले होते. 'बीळ' म्हटलं असतं तर एका संध्याकाळपुरती तुमची मान खाली गेली असती, लोकांनी उदार मनाने सोडून दिलं असतं. मला ते नको होतं. तुमची करणी आजही माझ्या पिशवीत आहे, रोमची माती मी तिनेच खरवडते. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि तुम्ही जिवंत असतात तरी पाठवलं नसतं. तुमच्याकडे मी विचारपूस करायला येत नव्हते सर, तो प्रश्न ऐकायला येत होते. तो विचारून झाला की काकूंकडे आणखी अर्धा कप चहा मागायचे.