तिसऱ्या शिफ्टची पिवळी अस्वलं

१२ मे, रविवार
वाचनगृहातून कालिनाचा फोन. सोळा जूनला आमच्या बंद पडलेल्या खेळण्यांच्या कारखान्याचं प्रदर्शन. प्रत्येक शिफ्टच्या फोरमनने आपल्याकडचं प्लास्टिकचं एक पांढरं अस्वल द्यायचं. काचेच्या कपाटात ठेवणार, खाली शिफ्टचा नंबर आणि फोरमनचं नाव. वर म्हणाली, काका, उद्घाटनाला दोन शब्द तुम्हीच बोला. एवढा आग्रह, नाही कसं म्हणायचं? तिसरी शिफ्ट, फोरमन ल्युबेन चाकारोव. अठरा वर्षं!

अस्वल कपाटावरून खाली काढलं. मुठीएवढं, चाकांवरचं, गळ्यात लाल मफलर. पोटावर छाप: तीन, ८७. माझं सर्वोत्तम साल. पण पांढरं नाही. पिवळं. कावीळ झाल्यासारखं. कारण उघड आहे, बायको दफीना तीस वर्षं त्याच्याखाली मिरच्या भाजते आहे. तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, भिंत नाही झाली ती पिवळी? दफीना माझ्याच शिफ्टला तपासणीच्या टेबलावर होती, पण मालाचं शास्त्र वेगळं आणि तपासणी वेगळी.

संकल्प: आठवड्यात अस्वल पांढरं. पंधरवड्यात भाषण पाठ.

१३ मे
साबण. मग कपड्यांची पावडर. मग टूथपेस्ट (दफीनाची, महागातली). अस्वलाला पुदिन्याचा वास येतो. रंग जैसे थे.

१५ मे
इंटरनेटवर तीन तास. म्हणे प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीन घालतात, ते आणि प्लास्टिक दोन्ही उन्हाने आणि हवेने बिघडतात, मग पिवळेपणा. उपाय काय, तर पेरॉक्साइड लावा आणि पुन्हा उन्हात ठेवा. म्हणजे ज्याने बिघडवलं त्याच्याकडेच दुरुस्तीला पाठवायचं. आपली नगरपालिका असंच करते. हे सगळं मला माहीत होतंच, फक्त आठवत नव्हतं.

१७ मे, शुक्रवार
खालच्या मजल्यावरच्या झ्लातकाचं केस कापायचं दुकान आहे. तिच्याकडे केसांचं पेरॉक्साइड क्रीम मागितलं, बारा टक्के. ती म्हणाली, अगं बाई, काका, काकूंना या वयात सोनेरी करताय की स्वतःला? म्हटलं, काम शास्त्रीय आहे. ती म्हणाली, शास्त्रीय असू दे, हातमोजे घाला. कारखान्यात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला हातमोजे!

संध्याकाळी: बोटं पांढरी पडली, भगभगतात. म्हणजे क्रीम चांगलं आहे. अस्वलावर परिणाम नाही. ऊन नव्हतं ना.

१८ मे: पाऊस.
१९ मे: पाऊस.
२० मे: पाऊस. मुद्दाम.
२२ मे: दहा मिनिटं ऊन. अस्वल घेऊन बाल्कनीत जाईपर्यंत गेलं. भाषणाचं पहिलं वाक्य तयार: "मित्रहो."

२४ मे, शुक्रवार
लख्ख ऊन! अस्वलाला क्रीम फासलं, वर स्वयंपाकघरातली पातळ फिल्म गुंडाळली. चार तास. सोडून पाहिलं तर फिल्मला जिथे चुण्या होत्या तिथे पिवळं, बाकी पांढरं. दफीना म्हणाली, जिराफ छान झालाय, आता अस्वल कधी करणार? हा मधला टप्पा आहे. तिला टप्पे कळत नाहीत.

२७ मे, सोमवार
वाचनगृहात गेलो. दुसऱ्या शिफ्टचा डोब्री आधीच येऊन बसलेला. त्याचं अस्वल दह्यासारखं पांढरं. विचारलं, काय लावलंस? म्हणाला, काही नाही, तीस वर्षं खिडकीत आहे. खोटारडा.

मग कालिनाने टेबलावरचं पुठ्ठ्याचं खोकं उघडलं. गावातून आणखी अस्वलं आली आहेत. पहिल्या शिफ्टची पांढरी. दुसऱ्या शिफ्टची पांढरी. तिसऱ्या शिफ्टची सात. सातही पिवळीधम्मक. म्हणाली, काका, तुम्ही जाणकार, असं का हो झालं? मी म्हटलं, दमट हवा. डोब्री म्हणाला, तीन नंबरवाल्यांच्याच घरी दमट का? मी त्याच्याशी बोलत नाही.

हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. प्लास्टिकच्या दाण्यांत एक पांढरी पावडर मिसळावी लागे, उन्हाने माल पिवळा पडू नये म्हणून. ते काम फोरमनचं. पावडर ओतायची जागा मशीनच्या डोक्यावर, लोखंडी शिडीच्या बावीस पायऱ्या, पोतं पंचवीस किलोचं, आणि माझी कंबर तेव्हापासूनच नाजूक. मी मिसळत नव्हतो का? मिसळत होतो. कंबर ठीक असेल त्या दिवशी नक्की. आणि पावडर नसली तरी अस्वल मशीनमधून पांढरंच पडायचं, तीस वर्षांनी कोण बघायला येणार होतं?

आता सगळा गाव बघायला येणार. पिवळी रांग, आणि खाली माझं नाव.

म्हटलं, कालिना, सातही दे, मी बरी करून आणतो. ती म्हणाली, काका, तुम्ही म्हणजे अगदी देवमाणूस.

१ जून, शनिवार
फासाफाशी बंद. आठही अस्वलं पूर्ण बुडली पाहिजेत. एका बरणीत एक अस्वल, वर पेरॉक्साइडचं पाणी. झ्लातका म्हणाली, झाकण लावू नका काका, आमच्या बाटलीच्या टोपणालाही भोक असतं. दफीनाही म्हणाली, उघडंच ठेव. दोघी एक झाल्या की मला ठाम राहावं लागतं. दर सप्टेंबरात आम्ही दोनशे बरण्या भरतो, मिरच्या, काकड्या, फ्लॉवर. यंत्राने पत्र्याची झाकणं दाबून बसवणं हे माझं खातं, आणि चाळीस वर्षांत माझी एक बरणी गळलेली नाही. उघडी बरणी बाल्कनीत ठेवायला मी काय काल लग्न झालेला आहे?

आठही बरण्या पक्क्या सील. बाल्कनीच्या कठड्यालगत ओळीने. बघून समाधान वाटलं.

२ जून, रविवार
कडक ऊन. अस्वलं उजळताहेत! बारीक बुडबुडे येतात. लोणचं मुरताना येतात तसेच, म्हणजे काम नीट चाललं आहे. झाकणं किंचित फुगली. दफीनाने बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि मला म्हणाली, जाशील तर एकटा जा.

३ जून
११.४० पहिली बरणी.
११.४१ दुसरी आणि तिसरी.
११.४५ उरलेल्या सगळ्या.
मी पडद्याआडून निरीक्षण करत होतो. इजा कोणाला नाही. एक अस्वल लिंडनच्या झाडात, चार अंगणात, तीन झ्लातकाच्या बाल्कनीत. तिथे तिच्या दुकानाचे काळे टॉवेल वाळत होते. आता त्यांच्यावर नारिंगी ठिपके आहेत. ती खालून ओरडली, काका, झाकण लावू नका म्हणजे काय कळलं होतं तुम्हाला? अख्खी इमारत खिडक्यांत. मी पडद्यामागेच थांबलो, अशा वेळी बोलण्यात अर्थ नसतो. काचा दफीनाने गोळा केल्या.

पण अस्वलं पांढरी! एकाचा कान गेला, झाडातल्याचं एक चाक सापडलं नाही, बाकी शुभ्र. पद्धत यशस्वी.

८ जून
आठही कालिनाला दिली. ती हरखली. विचारलं, काका, कशी केली? म्हटलं, अनुभव. डोब्रीने कान गेलेलं अस्वल बराच वेळ हातात धरलं. जळतो.

१६ जून, रविवार, संध्याकाळी
माझा दिवस! वाचनगृह खच्चून भरलेलं. आणि वर नशीब बघा. या आठवड्यात तिसऱ्या शिफ्टची आणखी पाच अस्वलं आली, त्यांना मी हातही लावलेला नाही, आणि पाचही जात्याच पांढरी. छाप ८३, ८४, ८५, ८८, ८९. म्हणजे सिद्ध झालं, पावडर पडत होती! मी भाषण जागच्या जागी बदललं. सांगितलं की बावीस पायऱ्या, पंचवीस किलो, कंबर मोडली तरी खांद्यावर पोतं घेऊन चढलो, एक दिवस चुकवला नाही. टाळ्या. डोब्रीनेसुद्धा वाजवल्या. दफीना दुसऱ्या रांगेत बसून पर्सचा बंद नीट करत होती.

घरी येताना ती म्हणाली, कोणत्या खांद्यावर? म्हटलं, उजव्या. ती म्हणाली, त्या शिडीभोवती लोखंडी कड्यांचा पिंजरा होता, खांद्यावर पोतं घेऊन माणूस त्यातून जातच नाही. दोन बादल्या करून दोन खेपा घालाव्या लागतात. मी विचारलं, तुला कसं माहीत? ती म्हणाली, तुला काय वाटतं, कसं माहीत?

जरा पुढे गेल्यावर म्हणाली, आपली रुम्याना झाली तेव्हा मी दोन वर्षं बाळंतपणाच्या रजेवर होते. शहाऐंशी आणि सत्त्याऐंशी. मग पाव घ्यायला दुकानात शिरली.

पिवळ्या आठ अस्वलांचे छाप आठवले. तीन ८६ चे, पाच ८७ चे.

१७ जून, सोमवार
सकाळी कालिनाला फोन केला. म्हटलं, तिसऱ्या शिफ्टच्या पाटीवर माझ्या जागी दफीनाचं नाव लाव. तिला वाटलं, मी चेष्टा करतो. मग म्हणाली, काका, कारखान्याच्या कागदांत पावडरचं रजिस्टर सापडलं तेव्हाच मी काकूंना विचारलं होतं, सगळं त्यांच्याच अक्षरात आहे. काकू म्हणाल्या, नाव ल्युबेनचंच राहू दे, त्याला मिरवायला दुसरं काही नाही.

बरं म्हणून फोन ठेवला. लाज वाटली. आयुष्यात एवढी वाटली नव्हती.

स्वयंपाकघरात गेलो. दफीना चष्मा लावून शब्दकोडं सोडवत होती. ती वर न बघता म्हणाली, उभा का आहेस, बस.

बसलो.