बेटापलीकडचा डोह

१२ जून
पोचले एकदाची! लुसाकातल्या हॉटेलात ताटं उचलण्यापेक्षा हे शतपटीनं बरं. धक्क्यावर चोलवेदादा स्वतः होडी घेऊन उभा. लॉजवर तोच मुख्य वाटाड्या. त्याच्याच शब्दावर मला ही नोकरी मिळाली. पाहुण्यांना रमवायचं, एवढंच काम. सकाळी वल्ह्याच्या होडीतून सैर, दुपारी गळ टाकून मासेमारी, ऊन उतरलं की वाळूच्या पट्ट्यावर खुर्च्या मांडून थंड पेयं. स्वयंपाकघरातल्या मारियामावशींनी मक्याच्या पिठाची घट्ट शिमा आणि तळलेला मासा पोटभर वाढला. मी चोलवेची बहीण म्हटल्यावर मात्र त्यांचा हात थबकला. सख्खी का गं, असं विचारलं त्यांनी. सख्खीच, म्हटलं.

१५ जून
पहिली सैर. झांबेझीभर पाणघोडे फुरफुरत होते. बेटापलीकडच्या डोहात मात्र एकही नाही, बगळासुद्धा नाही. दादानं बजावलं होतं की पुढची होडी माझी, आणि डोहात जरा थांबायचं, पाहुण्यांना शांतता आवडते. थांबले. खालून कुणीतरी माझं वल्हं धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं आणि सोडलं. दादाला सांगितलं तर तो हसत सुटला. पाणवेल असेल, म्हणाला, शहरात राहून पार भित्री झालीस की गं तू!

१९ जून
आज एका वयस्क पाहुणीनं विचारलं, होडीखाली पोहतेय ती मुलगी तुमच्यातलीच का. मी वाकून पाहिलं. तिच्या अंगात लॉजचा हिरवा सदरा होता. डोळे उघडे.

मारियामावशींनी आधी दार लावून घेतलं, मग सांगितलं. ती मोन्जा. माझ्याआधी याच कामावर होती. तिलाही दादानंच आणलं होतं. फार पूर्वी त्याची होडी त्या डोहात उलटली, तेव्हा जीव वाचावा म्हणून तो पाण्याला काहीतरी कबूल करून बसला. आता पाणी उतरलं की दरवर्षी एक जण. परक्यावर यंदा भागत नाहीये, म्हणाल्या. पोरी, त्यानं तुझं नाव पाण्याला सांगितलंय. मी या कानांनी ऐकलंय.

२० जून
दादाला तोंडावर विचारलं. नाही म्हणेल, मावशींवर चिडेल असं वाटलं होतं. तो रडला. आपल्या लेकरांची नावं घेऊन रडला. मग म्हणाला, आजचा कार्यक्रम तेवढा पार पाड, उद्या उजाडताच मी तुला सडकेवर सोडतो. होडीशिवाय इथून वाट नाही. आणि दादाच ना तो. त्यानंच मला पोहायला शिकवलं.

संध्याकाळ
बेटापलीकडच्या पट्ट्यावर आहे. खुर्च्या मांडल्या. पाहुण्यांना आणतो म्हणून दादा होडी घेऊन गेला. केव्हाचा.

दिसली होडी! पण — पलीकडच्या काठाला लागतेय. तिकडेही खुर्च्या मांडल्यात. आधीपासूनच.

ओरडले. पाहुणे ग्लास उंचावून हात हलवतायत. त्यांना गंमत वाटतेय. दादा पाठ करून उभा आहे. एकदासुद्धा —

पट्टा लहान झालाय. कडेच्या खुर्च्या पाण्यात. मागं कुणीतरी ओलं चालतंय. बघणार नाही. दादाकडेच बघणार. त्याला वळावंच —

ती म्हातारी पाहुणी उभी राहिली. माझ्या मागं बोट दाखवतेय, किंचाळतेय. दादा वळला. बघितलं त्यानं. सगळं बघितलं. तिचा हात हळूच खाली केला, तिला खुर्चीत बसवलं आणि