अंतकला

९ जानेवारी, अमरावती
नाई म्हणजे नाई. तू कोरं पान हायेस, तू तरी मले समजावू नको. सकाळपासून सारेच समजावून राहिले. अकोल्याहून गौरांगचा फोन — "आईनं तुहं नवं नाव काढलं हाय — चारुता. लग्नात तांदळाच्या ताटात मी तेच लिहीन." म्हटलं, मंग तुहं नाव मी लिहू का, दुसऱ्या ताटात? हसला. "तुह्या नावाचा अर्थ तरी चांगला हाय का?"

नाई. माहीत हाय मले. तिसरी पोरगी झाली का ठेवतात — देवा, आता पोरींचा अंत कर. तरी माहं हाय ते. पंचवीस वर्षं मीच वागवलं.

११ जानेवारी
दर्यापूर अन् तेल्हाऱ्याच्या मतदारयाद्या चाळल्या. सतरा अंतकला. सोळा जणी पन्नाशीच्या वर. सतरावी मी. पोराची वाट पाहत ठेवलेल्या प्रतीक्षा तं मोजायच्याच सोडल्या.

१६ जानेवारी, तेल्हारा
यादीतली एक सापडली. बाजारात वांगे विकते. म्हटलं, मावशी, मीबी अंतकला. तिनं वरून खालून पाह्यलं.
"मंग? झाला का तुह्यामागून भाऊ?"
"नाई. कोणीच नाई झालं."
"तुह्यं तरी लागू पडलं, बाप्पा. माह्यामागून अजून दोन पोरी झाल्या."
शेजारची कांदेवालीबी हसली. विचारलं, लग्नात नाव नाई बदललं?
"बदललं ना. यशोदा. यशोदा म्हणणारे मेले सारे. मी हावो अजून."
वांगे दिले पाव किलो. पैसे घेतले.

१९ जानेवारी
नावावर गोष्ट लिहून पाह्यली. पानाच्या मधोमध फक्त नाव, बाकी सारं कोरं. फसली. नवीन काहीच नाई त्याच्यात, आमच्या घरात ते पान आधीच होतं — माह्या नावामागून सारं कोरं.

खरं सांगू? थकली मी. घरच्यांनी 'बस झालं' म्हटलं, तेच माहं नाव — अन् त्याच्यासाठी मी भांडून राहिली? गौरांगले मेसेज टाकला. ठीक हाय. चारुता.

२० जानेवारी
त्यानं अंगठा पाठवला.

२ फेब्रुवारी, दर्यापूर
आई ताटाचे तांदूळ निवडत बसली होती. म्हटलं, चारुता बरंच हाय. सुटली मी एकदाची आजीनं ठेवलेल्या नावातून.
तिचा हात थांबला. "आजीनं कुठं ठेवलं? मी ठेवलं."
"तू?"
"पोरगा होईपर्यंत आजी मले थांबू देणार नव्हती. तू झाली तवा मी माहेरी होती. आठव्या दिवशी ऑपरेशन करून घेतलं. तुह्या बाबालेबी नाई सांगतलं. बारशाले नाव विचारलं, मी म्हटलं अंतकला. आजी खूश. सात वर्षं उपास केले तिनं नातवासाठी."
"तिले काय वाटलं?"
"मी देवाले सांगून राहिली असं वाटलं." एक खडा काढून बाजूले टाकला. "मी तिलेच सांगून राहिली होती."

५ फेब्रुवारी
ताट समोर आलं. गौरांगनं अंगठी उचलली. मी त्याच्या हातातून घेतली अन् तांदळात लिहिलं. अंतकला. त्याची आई बोलणार, तेवढ्यात मी उठली. जेवायच्या पंगतीत माही आई आधीच जाऊन बसली होती. बाजूचं पान तिनं माह्यासाठी धरून ठेवलं होतं.