आईसमोर वाचलेली कादंबरी

मेहकर,
२२ ऑगस्ट २०२४

प्रिय हर्षल,

अनेक आशीर्वाद. राखी पोचली असेल. इकडे आम्ही दोघी आहोत तशा आहोत. सोयाबीन बरं आहे, आईचे गुडघे नाहीत.

तुझी कादंबरी वाचली. पुण्यातले समीक्षक काय म्हणायचं ते म्हणोत, मी आपली वाचनालयाची जुनी वाचक म्हणून सांगते. तुझ्या बायका फार वेळ खिडकीबाहेर बघतात. सोंगणीच्या दिवसांत एवढी सवड कुणाला असते रे? शेवटही घाईत उरकलास. पण सासरहून पळून आलेल्या मुलीचं ते प्रकरण वाचताना मला पुस्तक मिटावं लागलं. नाव बदललंस म्हणून मी आपल्या जयाताईला ओळखणार नव्हते का?

खरं तर फोनच करणार होते. धीर झाला नाही.

झालं असं, की पुस्तक आईच्या हाती लागलं. लेकानं लिहिलंय म्हणून तिनं ते पाटावर ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं आणि श्रावणात पोथी ऐकते तशी रोज दुपारी ऐकायला बसू लागली. ते प्रकरण आलं तेव्हा मी चार पानं एकदम उलटली. तिनं लगेच पाहिलं.

"पोथीतलं पान सोडू नाही बाई, पाप लागते. वाच."

वाचलं मी. भर दुपारी मुलगी माहेरच्या दारात येते. मुराळी आणायला गेला नसताना लेक एकटीच आली, गावात शोभा होईल, म्हणून आई दार उघडत नाही. खिडकीतून तांब्याभर पाणी देते आणि आल्या पावली परत पाठवते. संध्याकाळी मुलगी सासरच्या विहिरीत सापडते.

हे तू मनानं रचलंस, मला माहीत आहे. ताई गेली तेव्हा तू बुलढाण्याला होस्टेलवर होतास, मी मामाकडे. ताई त्या दिवशी घरी आली होती, असं आपल्याला कधीच कुणी सांगितलं नाही. पाणी शेंदताना पाय घसरला, एवढंच सांगितलं.

आईनं माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "त्याले कोनं सांगतलं?"

हर्षल, मी तिचा हात धरला. आई, ही कादंबरी आहे, यात मनाचं असतं, असं किती समजावलं. ऐकत नाही. आता रोज पाट मांडते आणि तेवढंच प्रकरण वाचायला लावते. पुढचं नको म्हणते. जेवणावरचं मन उडालंय तिचं. मला तुझा राग येतो, तिचा येतो, आणि मला वाचता येतं याचाही येतो.

एकदा येऊन तिच्याजवळ बस. माझ्याच्यानं आता वाचणं होत नाही.

काल तिनं तुला निरोप दिलाय, तिच्याच शब्दांत लिहिते: "त्याले लिव, बाकी समदं बराबर हाये. पन पान्याचं खोटं हाये. तिनं मांगलं होतं. म्या नाही देलं."

तुझी उरलेली बहीण,
अनुपमा