सुभीच्या केसांचे गंगावन

मेढा, मालवण
ता. ५ फेब्रुवारी १९६२

चि. विमल,

माझे केस तांबडे झाले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आशीर्वाद आहेतच. तुमच्याकडे सगळे बरे असतील, इथली थंडी उतरली आहे, बाकीचे कुशल तुझ्या मनाने भरून घे. मला घाई आहे.

तांबडे म्हणजे कसे ते नीट सांगते, म्हणजे उपाय सांगताना तुझी चूक होणार नाही. बायका मेंदी लावतात तसे नव्हेत. नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखे. कानांपाशी, जिथे केस अगदी पांढरे होते, तिथे तर पितळेवर गेले आहेत. मानेजवळ थोडे मूळचे काळे होते, ते तसेच काळे राहिल्यामुळे बाकीचे जास्तच उठून दिसते. आपल्याकडे कामाला मथुरा येते. तू तिला पाहिलेली नाहीस. ती सकाळी दारात आली आणि हातातली केरसुणी टाकून खालीच बसली.

"बाईनू, ह्या काय केलास! डोक्या देवळाच्या कळसावाणी चकाकता!"

मी तिला भांडी घासायला सांगितले. घासताना तिचे खांदे हलत होते.

झाले ते असे. दाजींच्या दुकानात मुंबईहून जोडपुड्या येतात, एक मेंदीची आणि एक निळीच्या पाल्याची. मेंदीने केस आधी तांबडे करायचे, मग त्यावर नीळ चढवून काळे करायचे. कोणासाठी, असे दाजींनी विचारले नाही. फक्त पुड्या बांधताना माझ्या डोक्याकडे पाहिले. मेंदी लिंबाच्या रसात कालवावी, असे पुडीवर छापले होते. घरात लिंबू नव्हते, आगळाची बरणी होती. आपल्या घरात आंबट म्हटले की हात त्या बरणीकडेच जातो, हे तुला सांगायला नको. कोकमाच्या सोलांचा तो रस सारात पडतो, बांगड्याला लागतो, पित्त झाले की पाण्यातून पोटात जातो. मग मेंदीला का चालू नये? मेंदीला चालला. पण मी निळीची पूडही आगळातच कालवली. दुसऱ्या पुडीवर काय छापले आहे ते वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत. आंबटात नीळ मरते, एवढे रसायनशास्त्र मला कॉलेजात शिकवले होते आणि मी ते पुढे मुलींना शिकवले होते. नीळ धुतल्याबरोबर निघून गेली आणि मेंदी तेवढी पक्की झाली. आगळाच्या चोथ्याने आपण पितळेची भांडी लख्ख करतो. तसे माझे डोके लख्ख झाले.

बाजारात जाणे भाग होते. डोक्यावर पदर घेऊन गेले. हौसाबाईने टोपलीवरचे फडके दूर केले, माझ्याकडे पाहिले आणि सगळ्या मासेबाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाईनू, पदर कित्या? ह्या वयात घोव केलास काय?" माझ्या या नव्या नवऱ्यावर सगळ्या हसल्या. तिचे मन वाईट नाही. मी सुरमई न घेताच परत आले.

तू कलप लावतेस हे मला माहीत आहे. नाही म्हणण्यात शाई घालवू नकोस. तुझ्या थोरल्याच्या लग्नात तू माझ्या शेजारी निजली होतीस. सकाळी तुझ्या उशीच्या अभ्र्यावर डाग होता. मी तो धुतला आणि कोणाजवळ बोलले नाही. तेव्हा आता सरळ सांग: हा रंग काढायचा कसा, आणि त्यावर काळा चढवायचा कसा? पुन्हा सगळे केस पांढरे वाढेपर्यंत थांबणे मला शक्य नाही.

का शक्य नाही, हे तू विचारशील. शाळेत निवृत्त शिक्षकांचा सत्कार आहे, असे मी लिहिणार होते. वाक्य मनात तयारही होते. पण तसा सत्कार वगैरे काही नाही.

आईला मी ओळखू येत नाही.

मागच्या पत्रात 'आई अलीकडे विसरते' एवढेच लिहिले होते. ते खरे होते, पण पुरे नव्हते. दिवाळीनंतर तिला घर कळते, चूल कळते, तुळस कळते. मी तेवढी कळत नाही. तिला वाटते, कोणी पांढऱ्या केसांची बाई घरात येऊन राहिली आहे आणि जायचे नाव घेत नाही. मी ताट घेऊन गेले की ती तोंड भिंतीकडे करते. मथुराला सांगते, "ह्या म्हातारेक भायर काढ गो. माझी सुभी शाळेतसून येतली, तेवा मी जेवतलंय."

दुपारी मथुरा भरवते, तेव्हा दोन घास पोटात जातात. पण मथुराला तिचे घर आहे, ती संध्याकाळी थांबू शकत नाही. संध्याकाळी आई सुभीची वाट पाहत बसते, सुभी ताट घेऊन समोर उभी असते, आणि शेवटी भात मांजराला जातो. तिचे हात आता इतके बारीक झाले आहेत की बांगडी कोपरापर्यंत चढते. डॉक्टर म्हणाले, औषध नको, जेवण पोटात जाऊ दे. तिच्या लक्षातल्या सुभीचे केस काळे आहेत, वेणी आहे. म्हणून मी कलप लावला. शोभेसाठी नाही, हे तुला कळले असेलच.

तांबड्या डोक्याने तिच्यापुढे गेले, तेव्हा ती लगबगीने उठून बसली आणि पदर सावरला. "ही मडमीण खंयसून इली? मथुरा, तिका खुर्ची दी." मथुरा केव्हाच घरी गेली होती, मीच खुर्ची घेऊन बसले. ती माझ्याकडे पाहून आदराने हसत राहिली. पण मडमेसमोर जेवायचे कसे, म्हणून त्या रात्रीही ताट तसेच परत गेले.

उत्तर उलट टपालाने पाठव. केसांविषयीच लिही. माझ्याविषयी काही विचारू नकोस.

तुझी
आक्का


मेढा, मालवण
ता. २४ फेब्रुवारी १९६२

चि. विमल,

तुझे पत्र आणि पुडी सत्यवानाने बोटीवरून उतरल्याबरोबर आणून दिली. शेजारचा मुलगा म्हणून त्याला मी अजून लहान समजते. आता तो मुंबईच्या गिरणीत जॉबर झाला आहे, हाताखाली माणसे आहेत, आणि सुटीवर आला की माझ्याशी वाकून बोलतो. पत्रात तू केसांविषयीच लिहिलेस. सांगितले तसे केलेस, म्हणून तक्रार करता येत नाही.

तुझी कृती बरोबर ठरली. रिठ्याने दोनदा धुऊन आगळाचा अंश काढला. नीळ नुसत्या कोमट पाण्यात कालवली, चिमूटभर मीठ घातले, आंबटाला हात लावला नाही. मथुराने मागील दारी बसवून लेप दिला आणि वर केळीचे पान बांधले. सोडले तेव्हा केस हिरवे होते. तू लिहिले होतेस की आधी हिरवट दिसतील आणि वारा लागल्यावर काळे पडतील, पण लिहिलेले वाचणे वेगळे आणि आरशात पाहणे वेगळे.

मथुरा म्हणाली, "आता शेवाळ धरला! तुमी तळयेत बसलास तर आंगार बेडूक चढतले."

"तू आणि हौसाबाई एकदा काय ते हसून घ्या," मी म्हणाले.

"हसतंय खंय? बघून रडाक येता." आणि ती खरोखरच डोळे पुसत होती. कशाने, ते मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत केस काळे झाले. अगदी काळे, उन्हात थोडी निळी झाक मारणारे. मी अंबाडा न घालता वेणी घातली. शाळेत लागले त्या वर्षापासून मी वेणी घातली नव्हती. हात विसरले नव्हते, पण वेणी अंगठ्याएवढीच झाली. एके काळी माझी वेणी तुझ्या मनगटाएवढी होती, तुला आठवत असेल. तू तिला धरून झोके घ्यायचीस आणि मी तुला मारायचे.

संध्याकाळी मथुरा गेली. मी मऊ भात, आमटी, वर साजूक तूप असे ताट वाढले आणि आईच्या खोलीत गेले. दारात जरा उभी राहिले. वर्गात पहिल्या दिवशी जातानाही मी अशी कधी उभी राहिले नव्हते.

तिने पाहिले. एवढा मोठा आनंद त्या एवढ्याशा तोंडावर मावत नव्हता.

"इलंस गो! कशी वाळलंस ती! मुंबयत तुका कोण जेवाक घालना नाय काय?"

मी ताट खाली ठेवले. अजून तिने नाव घेतले नव्हते. तेवढ्यात तिने माझी वेणी हातात घेतली, बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाली, "पयल्यापासून तुझे केस पातळच, इमल."

विमल, मी तिला दुरुस्त केले नाही. चुकीचे उत्तर कानावर पडले की दुरुस्त करायचे, हेच जन्मभर केले. तोंड उघडले होते. तिने तोपर्यंत पहिला घास घेतला होता.

ती जेवली. अर्धे ताट जेवली, तुझ्या मुलांची चौकशी करीत, मधे थांबून तुझ्या नवऱ्याचा खोकला विचारीत. मी सगळ्यांना बरे आहे असे सांगितले. मग हात धुताना तिने दाराकडे पाहिले.

"सुभी अजून येवक नाय. तिच्यासाठी वाढून झाकून ठेव हां. थंड झाला तरी ती काय बोलूची नाय, पण झाकून ठेव."

मी वाढले आणि झाकून ठेवले. ती निजल्यावर मीच ते जेवले. त्या दिवसापासून असेच चालले आहे. ती तुझ्या हातून जेवते, आणि सुभीचा वाटा रोज न विसरता मागून ठेवून घेते. तिची बांगडी आता कोपरापर्यंत जात नाही. डॉक्टर खूश आहेत.

काल तिने तिची पत्र्याची पेटी उघडायला लावली. आज काय वार आहे ते तिला सांगता येत नाही, पण लुगड्यांच्या तिसऱ्या घडीखाली काय आहे ते ठाऊक होते. कापूर घातलेले फडके. आत गंगावन. मी ते कधी पाहिले नव्हते. आपण मुली असताना ती माझी फणी साफ करायची आणि गुंतवळ बोटाला गुंडाळून कोनाड्यातल्या डब्यात टाकायची, हे मात्र पाहिले होते. बाजारातल्या बाईला देऊन सुया घेत असेल, असे मी समजत होते.

"सुभी कोल्हापुराक शिकाक गेली तेवा करून घेतलंय," ती म्हणाली. "तिच्याच केसांचा आसा. घरात तिचा कायतरी होया म्हणान. आता तू घे. तुका वेणीत घालूक होता. पण तिका सांगू नको हां. ती रागावतली."

मी रागावणार नाही, असे मला म्हणायचे होते. पण मी इमल होते. इमल म्हणाली, "नाय सांगूचंय."

खिडकीपाशी नेऊन मी ते माझ्या वेणीशेजारी धरून पाहिले. माझी वेणी निळसर काळी, मेलेल्या रंगाची. ते तसे नाही. उन्हात धरले की आतून तपकिरी दिसते, कडेला तर जरा सोनेरीच. माझ्या केसांचा खरा रंग मीच विसरले होते.

मुळांशी आता पांढरे दिसू लागले आहे. अजून एक पुडी पाठव, नव्हे, पाठवीत जा. ती जेवते आहे तोवर मी इमलच राहणार. त्यात माझी कुरकूर नाही. गावात मला सगळे बाई म्हणतात, तू आक्का म्हणतेस. सुभी म्हणणारी ती एकच आहे, आणि तीही हे नाव आता माझ्या पाठीमागे घेते. कुरकूर नाही असे वर लिहिले आहे, ते खोडत नाही. पण एवढे लिहिते की तू ये. पावसाळ्यात बोटी बंद होतील, त्या चालू आहेत तोवर ये. तू आलीस की इमल तू होशील, मग मी कोण हे तिला कोणीतरी सांगावे लागेल. तिच्यासमोर बसून मला एकदा हाक मार. आक्का नको, नावाने मार. धाकटी आहेस म्हणून लाजू नकोस.

सत्यवान उद्याच्या बोटीने परत जात आहे. हे पत्र आणि सोबतची वस्तू त्याच्या हाती देत आहे. वस्तू एकच: गंगावन, हातभर लांब, कापूर घातलेल्या फडक्यात. त्याला कलप लावू नकोस, आगळाजवळ ठेवू नकोस. मिळाल्याचे आईच्या नावाने कळव. मी तिला वाचून दाखवीन.

देणारी : आई.
घेणारी : विमल.
पोचवणारी : सुभी.